डीएनसी विरुद्ध रशिया: निवडणुकीतील हस्तक्षेपाच्या दिवाणी दाव्यात दम होता का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीने, म्हणजे डीएनसीने, 2016 च्या निवडणुकीतल्या ईमेल चोरीवरून रशिया, ट्रम्प यांची प्रचारसमिती आणि गुप्त कागदपत्रं उघड करणारं संकेतस्थळ विकिलीक्स यांच्यावर दिवाणी दावा लावला होता. त्याबद्दल मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

आधी एका वाक्यात सांगा, दाव्यात दम होता की नाही?

तक्रारीत होता, दाव्यात नव्हता. घरफोडी खरी होती आणि नुकसानही खरं होतं. पण ज्याने घर फोडलं त्याला अमेरिकी कोर्टात खेचता येत नव्हतं, आणि ज्यांना खेचता येत होतं त्यांनी घर फोडल्याचं वादपत्रातच, म्हणजे दाव्याच्या मूळ कागदातच, दिसत नव्हतं. खालची बहुतेक उत्तरं या एका पेचाभोवतीच फिरतात.

दावा कुठे, कधी आणि कोणाकोणावर लागला?

20 एप्रिल 2018 रोजी, न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या फेडरल न्यायालयात. प्रतिवादींची यादी लांबलचक होती: रशियन फेडरेशन, त्यांची लष्करी गुप्तचर संस्था जीआरयू, ‘गुसिफर 2.0’ हे टोपणनाव वापरणारी व्यक्ती, विकिलीक्स आणि त्याचे संस्थापक ज्युलियन असांज, ट्रम्प यांची प्रचारसमिती, त्यांचा मुलगा डोनाल्ड ट्रम्प ज्युनियर, जावई जॅरेड कुशनर, प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट, मॅनफोर्ट यांचे सहायक रिक गेट्स, ट्रम्प यांचे जुने सल्लागार रॉजर स्टोन, प्रचाराचे परराष्ट्रविषयक सल्लागार जॉर्ज पापाडोपोलस, रशियातले उद्योजक अरास व एमिन अगालारोव हे पितापुत्र आणि माल्टाचे प्राध्यापक जोसेफ मिफसुड. खुद्द डोनाल्ड ट्रम्प यादीत नव्हते. राष्ट्राध्यक्षावर दावाच लावता येत नाही, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. पदाच्या कामाशी संबंध नसलेल्या कृत्यांसाठी राष्ट्राध्यक्षावर दिवाणी दावा चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली क्लिंटन विरुद्ध जोन्स खटल्यात ठरवून टाकलं आहे.

डीएनसीला निवडणुकीचा निकाल रद्द करून हवा होता का?

नाही. मागणी नुकसानभरपाईची आणि पुन्हा असं करू नये अशा मनाई हुकमाची होती. हरलेली निवडणूक हे दिवाणी कायद्याच्या लेखी भरून देण्याजोगं नुकसान ठरत नाही. म्हणूनच वादपत्रात मतांची भाषा कमी आणि सर्व्हर, देणग्या, कर्मचाऱ्यांचे वाया गेलेले तास यांची भाषा जास्त होती.

नुकसान नेमकं किती सांगितलं होतं?

वादपत्रातले आकडे बघा: 140 हून अधिक सर्व्हर कायमचे बंद करावे लागले, 180 हून अधिक संगणकांवरचं ऑपरेटिंग सिस्टीमसकट सगळं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकावं लागलं, किमान 11 सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. हा खर्च 10 लाख डॉलरच्या वर गेला, असं म्हटलं होतं. शिवाय आटलेल्या देणग्या आणि कर्मचाऱ्यांना आलेल्या धमक्या होत्याच.

वादपत्राचा हा भाग पक्का होता. संगणक घुसखोरीच्या अमेरिकी कायद्यात दिवाणी दाव्यासाठी साधारणपणे वर्षभरात किमान 5,000 डॉलरचं नुकसान दाखवावं लागतं. ही अट डीएनसीने हसत पार केली असती. मुदत मात्र फक्त 2 वर्षांची असते, कृत्यापासून किंवा नुकसान कळल्यापासून. डीएनसीला घुसखोरीचा सुगावा एप्रिल 2016 च्या अखेरीस लागला आणि दावा लागला 20 एप्रिल 2018 ला. ही तारीख सहजासहजी निवडलेली वाटत नाही.

चोरी रशियानेच केली हे जगजाहीर होतं. मग रशियावर दावा का टिकला नाही?

कारण तो देश आहे. अमेरिकेत परकीय राष्ट्रावर दावा लावायचा तर 1976 च्या परकीय सार्वभौम संरक्षण कायद्याच्या चौकटीतूनच जावं लागतं. मूळ नियम असा की परकीय राष्ट्रावर दावा चालत नाही. अपवाद मोजके आहेत, आणि त्यातल्या एखाद्यात आपलं प्रकरण बसवून दाखवावं लागतं. डीएनसीने मुख्यतः दोन अपवादांवर भिस्त ठेवली.

पहिला अपवाद व्यापारी व्यवहाराचा. परकीय सरकार बाजारात उतरून सामान्य व्यापाऱ्यासारखं वागलं, तर त्याला संरक्षण मिळत नाही. रशियाने गहू विकत घेऊन पैसे बुडवले असते तर हा अपवाद लागला असता. पण लष्करी गुप्तचरांनी दुसऱ्या देशातले सर्व्हर फोडणं हा बाजारातला व्यवहार नव्हे. कोणताही खासगी व्यापारी धंद्याचा भाग म्हणून असं करत नाही.

दुसरा अपवाद अमेरिकेत झालेल्या अपकृत्याचा, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान करणाऱ्या बेकायदा कृत्याचा, आणि खरी लढाई इथे होती. कायद्याचे शब्द वाचले तर वाटतं की नुकसान अमेरिकेत झालं एवढं पुरे. न्यायालयांनी मात्र त्यात एक अट वाचली आहे: अपकृत्य पूर्णपणे अमेरिकेच्या भूमीवर घडलेलं असावं. सर्व्हर अमेरिकेत होते हे खरं, पण बेत आखणारे, कळफलकावर बोटं चालवणारे आणि हुकूम देणारे मॉस्कोत होते. अर्धं कृत्य तिकडे घडलं की अपवाद गळून पडतो. 2017 साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात इथिओपियाच्या बाबतीत हेच झालं होतं. मेरीलँडमध्ये राहणाऱ्या एका माणसाच्या संगणकात हेरगिरीचं सॉफ्टवेअर घालून त्याच्यावर पाळत ठेवली, असा तिथे आरोप होता. अपील न्यायालयाने इथिओपियाचं संरक्षण कायम ठेवलं.

आमच्या मते हा नियम जुना झाला आहे. 1976 मध्ये परकीय हेराला अमेरिकेत काही करायचं तर विमानाने यावं लागायचं. आता लागत नाही. कायदा बदलावा असं म्हणायला भरपूर जागा आहे. पण जिल्हा न्यायाधीशाने तो बदलावा अशी अपेक्षा धरणं वेगळं.

रशियाला समन्स बजावायचं तरी कसं?

कायद्यात चार पायऱ्या आहेत आणि क्रम मोडता येत नाही. आधी दोन्ही पक्षांत काही खास ठराव असेल तर त्याप्रमाणे. तो नसेल तर आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे. तेही जमलं नाही तर न्यायालयाच्या कारकुनाने समन्स, वादपत्र आणि दोन्हींचा त्या देशाच्या राजभाषेतला अनुवाद पोचपावतीच्या टपालाने परराष्ट्रमंत्र्यांना पाठवायचा. 30 दिवसांत तसंही झालं नाही तर अमेरिकी परराष्ट्र खात्यामार्फत राजनैतिक मार्गाने. प्रतिवादी देशाला उत्तरासाठी 60 दिवस मिळतात. सामान्य प्रतिवादीला सहसा 21. अनुवाद जोडायचा राहिला किंवा एखादी पायरी गाळली की बजावणीच बाद ठरते. असे दावे इथेच महिनोन्‌महिने अडकून पडतात.

विकिलीक्सची गोष्ट याहून गमतीची. त्यांचा धड पत्ता सापडेना, तेव्हा न्यायालयाच्या परवानगीने डीएनसीच्या वकिलांनी ऑगस्ट 2018 मध्ये ट्विटरवरून समन्स बजावलं.

रशिया कोर्टात आलाच नाही. मग एकतर्फी निकाल का नाही लागला?

रशियाने हजर होण्याऐवजी आपल्याला संरक्षण आहे असं निवेदन अमेरिकी परराष्ट्र खात्याकडे पाठवलं. पण ते पाठवलं नसतं तरी फरक पडला नसता. संरक्षणाचा मुद्दा थेट न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राचा आहे, त्यामुळे समोर कोणी नसलं तरी न्यायाधीशाला तो स्वतःहून तपासावाच लागतो. आणि समजा एकतर्फी हुकूमनामा झालाही असता, तरी परकीय सरकारच्या मालमत्तेवर जप्ती आणायला पुन्हा वेगळं संरक्षण आडवं येतं. भिंतीवर टांगायला हुकूमनामा मिळाला असता, वसुली झाली नसती.

बरं, रशिया सुटला. प्रचारसमिती आणि तिची माणसं का सुटली?

तारखा ओळीने मांडल्या की उत्तर दिसतं. जीआरयूने डीएनसीच्या जाळ्यात शिरकाव केला एप्रिल 2016 मध्ये. मिफसुडने पापाडोपोलसला रशियाकडे ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध मसाला आहे, हजारो ईमेल आहेत, असं सांगितलं 26 एप्रिलला. ट्रम्प टॉवरमध्ये ट्रम्प ज्युनियर, कुशनर आणि मॅनफोर्ट यांची रशियन वकिलाबरोबर बैठक झाली 9 जूनला. विकिलीक्सने डीएनसीचे सुमारे 20,000 ईमेल उघड केले 22 जुलैला, म्हणजे फिलाडेल्फियातलं पक्षाधिवेशन सुरू व्हायच्या तीन दिवस आधी. पक्षाध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना त्यापायी पद सोडावं लागलं. स्टोनची विकिलीक्सभोवतीची धडपड उन्हाळ्यात गाजत राहिली.

म्हणजे प्रचारसमितीच्या माणसांचे जे संपर्क वादपत्रात तपशिलाने दिले होते, ते मुख्यतः शिरकाव झाल्यानंतरचे. चोरी कळणं, तिचा आनंद होणं, तिचा फायदा उठवणं, चोराला भेटणं यातलं काहीही चोरीत सामील होणं ठरत नाही. हॅकिंगचा कट यांनी रचला किंवा त्यात हात लावला, असं सांगणारं एकही ठोस विधान वादपत्रात नव्हतं.

ही फट डीएनसीच्या वकिलांनाही दिसत होती. म्हणून सुधारित वादपत्रांत त्यांनी सप्टेंबर 2016 मधल्या दुसऱ्या घुसखोरीवर, भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवरचा विश्लेषणाचा डेटा पळवला त्यावर, जोर दिला. हिचा काळ सोयीचा होता, पण तिच्याशी प्रचारसमितीला जोडणारा धागा तिथेही नव्हता.

‘रशिया, ऐकत असाल तर...’ असं ट्रम्प जाहीरपणे म्हणाले होते ना?

27 जुलै 2016 ला म्हणाले होते. पण ते बोलत होते हिलरी क्लिंटन यांच्या गहाळ 30,000 ईमेलबद्दल. तो डीएनसीचा माल नव्हे. हाच घोळ क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांच्या ईमेलबाबत होतो. ऑक्टोबरमध्ये फुटलेले ते ईमेल त्यांच्या वैयक्तिक जीमेल खात्यातले होते. दिवाणी दाव्यात वादीला स्वतःच्या नुकसानापुरतंच बोलता येतं, शेजाऱ्याच्या चोरीची भरपाई मागता येत नाही.

चोरीचा माल आहे हे माहीत असून छापला, तरी चालतं?

अमेरिकेत, बऱ्याच मर्यादेपर्यंत, चालतं. या खटल्यातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी वाचला गेलेला भाग हाच.

पेनसिल्व्हेनियात शिक्षक संघटनेच्या दोन पदाधिकाऱ्यांचं मोबाइलवरचं बोलणं कोणीतरी चोरून टेप केलं आणि ती टेप संघटनेच्या एका विरोधकाच्या टपालपेटीत टाकून दिली. त्याने ती रेडिओवाल्याला दिली, रेडिओवाल्याने वाजवली. टेप करणारा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. बार्टनिकी विरुद्ध व्हॉपर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली 6 विरुद्ध 3 मतांनी सांगितलं की विषय सार्वजनिक महत्त्वाचा असेल आणि प्रसिद्ध करणाऱ्याचा मूळ बेकायदा कृत्यात हात नसेल, तर अभिव्यक्ती आणि वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याला संरक्षण देणारी पहिली घटनादुरुस्ती त्याला वाचवते.

डीएनसीचा प्रतिवाद होता की इथे प्रकाशक गप्प बसून नव्हता, त्याने माल मागितला होता. न्यायाधीशांनी त्यावर सांगितलं की आधीच चोरीला गेलेली कागदपत्रं मागणं वेगळं आणि चोरी करायला सांगणं वेगळं. पत्रकार आपल्या सूत्रांकडे रोज कागद मागतात. पक्षाने कागदांवर ‘गुप्त’ असा शिक्का मारला म्हणून विकिलीक्स दोषी ठरणार असेल, तर उद्या कोणतंही वर्तमानपत्र त्याच न्यायाने दोषी ठरेल. डेमोक्रॅटिक पक्षाची मतं छापणाऱ्या वर्तमानपत्रांनाही हा निकाल पथ्यावर पडला, हे त्यांनी फार मोठ्याने सांगितलं नाही इतकंच.

रिको हा तर माफियांसाठीचा कायदा. तो इथे कशाला?

तिप्पट भरपाईसाठी, आणि सगळ्या प्रतिवादींना एका दोरीत बांधण्यासाठी. रिकोखाली टोळी, म्हणजे समान हेतूने टिकून काम करणारी संघटना, दाखवावी लागते. शिवाय ठरावीक गुन्ह्यांची मालिका आणि वादीच्या धंद्याचं किंवा मालमत्तेचं नुकसान दाखवावं लागतं. डीएनसीने आर्थिक हेरगिरी आणि व्यापारी गुपितांची चोरी हे गुन्हे पुढे केले. पण एकच निवडणूक जिंकावी असं वाटणारे, एकमेकांना अर्धवट ओळखणारे लोक म्हणजे टोळी होत नाही. अनुभवी वकील दिवाणी वादपत्रात रिको दिसला की भुवई उंचावतात, ती याचमुळे.

व्यापारी गुपितं, टेलिफोन टॅपिंग, मालमत्तेवरचं अतिक्रमण हे बाकीचे आरोप?

रशियाविरुद्धचे संरक्षणापाशी थांबले, इतरांविरुद्धचे पहिल्या घटनादुरुस्तीपाशी किंवा ‘यांनी काय केलं?’ या प्रश्नापाशी.

साक्षीपुरावा न घेताच दावा फेटाळला, हा अन्याय नाही का?

वादपत्रातली वस्तुस्थितीची विधानं खरी धरूनच या टप्प्यावर निर्णय होतो. म्हणजे न्यायाधीशांनी डीएनसीचं म्हणणं खोटं ठरवलं नाही. ते खरं धरलं तरी कायद्याने जबाबदारी येत नाही, असं ठरवलं. मात्र खरी धरायची ती ठोस विधानं. निष्कर्ष खरे धरत नाहीत. ‘अमुक दिवशी अमुक माणूस अमुक ठिकाणी भेटला’ हे खरं धरतात. ‘आणि अशा रीतीने त्यांनी कट केला’ हे धरत नाहीत. 2007 आणि 2009 च्या ट्वॉम्ब्ली आणि इक्बाल या दोन निकालांनंतर ही चाळणी बारीक झाली आहे.

न्यायाधीश जॉन कोल्टल यांनी 30 जुलै 2019 रोजी 81 पानी निकालपत्रात दावा फेटाळला. त्यांच्या पक्षपाताबद्दल विचारणाऱ्यांसाठी: त्यांची नेमणूक बिल क्लिंटन यांनी केली होती, आणि तरुणपणी ते राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळातल्या वॉटरगेट प्रकरणाच्या विशेष सरकारी वकिलांच्या पथकात होते.

मुलर अहवालामुळे दावा बुडाला का?

नाही. रशियाच्या हस्तक्षेपाची चौकशी करणारे विशेष सरकारी वकील रॉबर्ट मुलर यांचा अहवाल एप्रिल 2019 मध्ये जाहीर झाला आणि त्यात कटाचा आरोप सिद्ध करण्याइतका पुरावा मिळाला नाही असं होतं. पण फौजदारी कसोटी वेगळी, दिवाणी वेगळी. दिवाणीत पारडं जराही झुकलं तरी पुरतं. दावा बुडाला तो कायद्याच्या मुद्द्यांवर. उलट मुलर यांनी जुलै 2018 मध्ये जीआरयूच्या 12 अधिकाऱ्यांवर ठेवलेल्या आरोपपत्रामुळे घुसखोरीची हकिगत डीएनसीला अधिक तपशिलात मिळाली.

मग दावा निव्वळ राजकीय स्टंट होता?

राजकारण होतंच, पण फालतू दावा नव्हता. प्रचारसमितीने डीएनसीच्या वकिलांवर दंडात्मक कारवाई मागितली होती; ती न्यायाधीशांनी नाकारली. तुलनेसाठी उलटं प्रकरण पाहा. मार्च 2022 मध्ये ट्रम्प यांनी फ्लोरिडात हिलरी क्लिंटन, डीएनसी आणि इतरांवर रशिया प्रकरणावरूनच रिकोचा दावा लावला. तो सप्टेंबरमध्ये फेटाळला गेला, आणि जानेवारी 2023 मध्ये ट्रम्प आणि त्यांच्या वकिलांवर मिळून सुमारे 9,38,000 डॉलरचा भुर्दंड बसला. हरलेला दावा आणि आणायलाच नको होता असा दावा यांत न्यायालयं फरक करतात.

वॉटरगेटच्या वेळी डीएनसी जिंकली होती ना?

तडजोड झाली होती. घरफोडी 17 जून 1972 ची; तीन दिवसांत डीएनसीने निक्सन यांच्या प्रचारसमितीवर दावा ठोकला आणि 1974 मध्ये 7,50,000 डॉलर पदरात पाडून घेतले. 2018 चा दावा मांडताना ही आठवण मुद्दाम जागवली गेली. डीएनसीच्या मुख्यालयात 1972 साली फोडलेलं फायलींचं कपाट आणि 2016 साली फोडलेला सर्व्हर शेजारी शेजारी ठेवलेला फोटोही गाजला होता.

पण फोटोत सारखं दिसलं तरी कायद्यात सारखं नाही. वॉटरगेटमध्ये पकडलेला जेम्स मॅकॉर्ड निक्सन यांच्या प्रचारसमितीचा सुरक्षाप्रमुख होता, तिच्या पगारावर होता. घरफोडी वॉशिंग्टनमध्ये झाली आणि चोर जागेवर सापडले. कपाट फोडणारा हात आणि प्रतिवादी यांच्यात नोकरीचं नातं होतं. 2016 च्या सर्व्हरच्या बाबतीत नेमकं तेच नव्हतं.

हरणार हे ठाऊक असेल तर पक्ष असे दावे का लावतात?

फेडरल न्यायालयात 2018 साली दावा दाखल करायची फी होती 400 डॉलर. वकिलांचा खर्च सोडला तर लॉटरीचं तिकीट स्वस्तच. दावा फेटाळा म्हणून प्रतिवादी सुरुवातीलाच करतात त्या अर्जातून तो वाचला असता तर कागदपत्रांचा शोध सुरू झाला असता: ईमेल, फोनच्या नोंदी, शपथेवर जबान्या. पण हे दार दोन्हीकडे उघडतं. दावा लागला त्याच दिवशी ट्रम्प यांनी ट्विट केलं की ही चांगलीच बातमी आहे, आता आम्हीही डीएनसीचा सर्व्हर मागू. वादी झालात की तुमचं कपाटही उघडावं लागतं, हे उत्साहाच्या भरात विसरलं जातं.

भारतात एखाद्या पक्षाला असा दावा लावता आला असता का?

परकीय राष्ट्रावर लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 86 खाली केंद्र सरकारची लेखी संमती आधी लागते. ती मिळाली नाही तर गोष्ट तिथेच संपते. बाकी प्रतिवादींपुरतं, वादाचं कारणच दिसत नसेल तर ऑर्डर 7 नियम 11 खाली वादपत्र नामंजूर होतं. अमेरिकेतल्या दावा फेटाळण्याच्या अर्जाचा हा आपल्याकडचा जवळचा नातेवाईक.

संगणकात घुसखोरीची भरपाई मागायची तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 खाली 5 कोटी रुपयांपर्यंतचे दावे दिवाणी न्यायालयात नाही, तर अभिनिर्णय अधिकाऱ्याकडे चालतात. निवडणुकीच्या निकालालाच हात घालायचा असेल तर निवडणूक याचिका: उच्च न्यायालयात, निकालापासून 45 दिवसांत, 2,000 रुपये अनामत भरून. आणि ती फक्त उमेदवार किंवा त्या मतदारसंघातला मतदार करू शकतो. पक्षाच्या नावाने आणलेली याचिका पहिल्याच दिवशी परत जाते. पक्ष कार्यालयातल्या उत्साही मंडळींची बहुतेक वेळा पहिली चूक हीच असते.

डीएनसी तोच दावा पुन्हा लावू शकते का?

नाही. दोनदा वादपत्र सुधारायची संधी मिळूनही उणीव भरली नाही, म्हणून तो पुन्हा आणता येणार नाही अशा रीतीने फेटाळला गेला. रशियाविरुद्ध दाद मागायची तर सरकार आणि संसदेकडे मागा, असं न्यायाधीशांनी सुचवलं. सरकारच्या बाजूने ते 29 डिसेंबर 2016 लाच सुरू झालं होतं. त्या दिवशी ओबामा प्रशासनाने 35 रशियन राजनैतिक अधिकाऱ्यांची हकालपट्टी केली आणि जीआरयूवर निर्बंध घातले.